कच्चं मडकं

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक ९. भक्त एकमेकांना बोध करतात, भगवंताच्याच गोष्टी सांगतात आणि त्यातच रमतात, असं या श्लोकात आहे. त्यातल्या 'एकमेकांना' या शब्दापाशी थांबलो की मला नामदेव महाराज आठवतात.

१२७० साली शिंप्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. विठ्ठलाशी लहानपणापासूनच सलगी. त्यांच्या हातचा नैवेद्य देव प्रत्यक्ष खायचा, अशी कथा आहे. पण 'देव माझा' म्हणता म्हणता मनात 'मी'सुद्धा वाढत गेला.

पुढे ज्ञानदेव आणि त्यांच्या भावंडांची गाठ पडली. एकदा संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचं डोकं तपासलं, असं सांगतात. बाकीचे शांत बसले. नामदेव चिडले आणि कच्चं मडकं ठरले!

केवढं लागलं असेल. माझ्या कामात कोणी चूक काढली तरी माझं तोंड दिवसभर उतरलेलं असतं. नामदेवही रुसले, पण मंडळींशी नातं तोडलं नाही. औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. ते पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. पाय उचलून जिकडे ठेवावेत, तिकडे पिंडी! देव नाही अशी जागाच नाही, हे तिथे उमगलं.

आता बघा, संगतीने नामदेव बदलले आणि मग बदललेल्या नामदेवांनी संगत मोठी केली. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, ते चोखोबा त्यांचे जिवलग झाले. मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. घरात राबणारी जनाबाई अभंग रचू लागली. ज्ञानदेवांच्या समाधीनंतर ते उत्तरेत गेले आणि हा गोतावळा पंजाबातल्या घुमानपर्यंत पोचला. गुरु ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदं आहेत.

१३५० साली देह ठेवताना त्यांनी जागा निवडली ती पंढरपूरच्या महाद्वारातली पायरी, संतांचे पाय लागावेत म्हणून. 'देव माझा' म्हणणारा मुलगा शेवटी सगळ्यांच्या पायाशी!

आपल्याला कच्चं म्हणणारं माणूस आपल्या गोतावळ्यात आहे का? असेल तर आज त्याच्यावर रुसायचं नाही, एवढंच ठरवूया.

राम कृष्ण हरी!