शरीरशास्त्रात नापास झालेले रामानुजन

२२ डिसेंबर हा थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. २०१२ पासून तो राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. आपल्या असेंब्लीतही त्या दिवशी भाषण होते. भाषणात केंब्रिज येते, प्राध्यापक हार्डी येतात आणि टॅक्सीचा १७२९ हा नंबर तर येतोच येतो. ती गोष्ट सर्वांना पाठ असल्यामुळे मी ती इथे सांगत नाही. मला त्यांच्या आयुष्यातली १९०४ ते १९१३ ही नऊ वर्षे जास्त विचार करायला लावतात. या वर्षांत ते कॉलेजच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाले, आणि त्यांना सर्वांत जास्त नडलेला विषय होता शरीरशास्त्र. आमच्या दहावीच्या वर्गातले बरेच कॅडेट अकरावीला जीवशास्त्र घेऊन नीट द्यायची, मग जमले तर पुण्याच्या एएफएमसीला जायचे असे म्हणतात. मीही त्यातलाच. म्हणून हा भाग मी दोनदा वाचला.

रामानुजन यांचा जन्म १८८७ साली इरोड येथे, त्यांच्या आजोळी झाला. पण ते वाढले कुंभकोणमला. वडील एका कापडाच्या दुकानात हिशेबनीस होते आणि त्यांचा पगार महिन्याला सुमारे २० रुपये होता. आई देवळात भजने म्हणत असे. नोव्हेंबर १८९७ मध्ये झालेल्या प्राथमिक परीक्षेत ते तंजावर जिल्ह्यात पहिले आले आणि पुढच्या वर्षी टाउन हायस्कूलमध्ये दाखल झाले. तिथे त्यांनी एका कॉलेजच्या विद्यार्थ्याकडून लोनी यांचे त्रिकोणमितीचे पुस्तक मागून घेतले आणि तेरा वर्षांचे होईपर्यंत ते संपवलेसुद्धा.

कुंभकोणम मला थोडेफार माहीत आहे, कारण माझे आजोळ तिथून आठ-नऊ किलोमीटरवर, तिरुविडैमरुदूरला आहे. माझी आई तंजावरच्या मराठी घराण्यातली. तिरुविडैमरुदूर महालिंगस्वामीच्या मोठ्या देवळासाठी प्रसिद्ध आहे, पण आपल्या इतिहासातही ते आहे. १७९८ मध्ये इंग्रजांनी अमरसिंग राजांना तंजावरच्या गादीवरून काढून सरफोजी राजांना बसवले, तेव्हा अमरसिंग राजे येऊन राहिले ते याच गावात. सुट्टीत आजोबांबरोबर बसने कुंभकोणमला गेले की सारंगपाणी देवळाच्या गोपुरासमोरच्या रस्त्यावर रामानुजन यांचे घर पाहता येते. घर अगदी लहान आहे. रस्त्याच्या बाजूला ओटा आहे. त्या ओट्यावर बसून ते पाटीवर गणिते करत असत. कागद महाग, म्हणून पाटी. पाटी पुसायला फडका शोधण्यात वेळ जातो, म्हणून ते कोपरानेच पुसत. शेवटी आलेले उत्तर तेवढे वहीत उतरवत. पुढे जगातल्या गणितज्ञांना त्या वह्यांमधल्या सूत्रांच्या सिद्धता शोधत बसावे लागले, त्याचे एक कारण ही पाटी आहे.

१९०३ च्या सुमारास त्यांच्या हातात कार यांचे एक पुस्तक आले. त्यात सुमारे ५००० सूत्रे आणि प्रमेये ओळीने दिलेली होती, स्पष्टीकरण जवळजवळ नाहीच. मला गंमत वाटली ती पुढच्या माहितीची. हे कार इंग्लंडमध्ये खासगी शिकवण्या घेत आणि मुलांची केंब्रिजच्या परीक्षेची तयारी करून घेत. म्हणजे हे पुस्तक म्हणजे एका क्लासवाल्या सरांच्या उजळणीच्या नोट्सच! आपण अशा नोट्स प्रेपमध्ये पाठ करतो. रामानुजन यांनी प्रत्येक सूत्र स्वतः सिद्ध करायला घेतले आणि मग त्यापुढची सूत्रे शोधली. परीक्षेसाठी लिहिलेले पुस्तक त्यांना मिळाले आणि त्यांचे परीक्षेवरून लक्ष उडाले.

१९०४ मध्ये शाळा संपली तेव्हा मात्र सगळे ठीक होते. गणिताचे रंगनाथ राव पारितोषिक मिळाले आणि कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. हे कॉलेज कावेरीच्या काठावर आहे आणि त्याला तेव्हा दक्षिण भारताचे केंब्रिज म्हणत. तिथे एफ.ए. म्हणजे फर्स्ट आर्ट्सच्या परीक्षेला गणिताबरोबर इंग्रजी, संस्कृत, ग्रीस-रोमचा इतिहास आणि शरीरशास्त्र असे विषय होते. नियम असा, की प्रत्येक विषयात पास व्हायचे. गणितात कितीही मार्क मिळवले तरी ते दुसऱ्या विषयाला उसने देता येत नाहीत. रामानुजन इतर तासांनाही गणितच करत बसत. ते इंग्रजी निबंधात नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. एका सत्राची फी ३२ रुपये होती, म्हणजे वडिलांचा दीड महिन्याचा पगार. ऑगस्ट १९०५ मध्ये ते घरी न सांगता विशाखापट्टणमकडे निघून गेले. आईवडिलांनी वर्तमानपत्रातून शोध घेतला. काही दिवसांनी ते परत आले.

१९०६ मध्ये त्यांनी मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात पुन्हा प्रवेश घेतला. मद्रासची गाडी तेव्हाही तिरुविडैमरुदूर स्टेशनवरूनच जात असे. या वेळी शरीरशास्त्राने अडवले. वर्गात बेडकासारख्या प्राण्यांचे विच्छेदन असे, पचनसंस्था, रक्ताभिसरण सगळे पाठ करावे लागे. त्यांना त्यात काडीचाही रस नव्हता. त्यातच त्यांना आमांश झाला आणि सुमारे तीन महिने कुंभकोणमला घरी राहावे लागले. (हा आमांश लक्षात ठेवावा.) डिसेंबर १९०६ मध्ये परीक्षा दिली, नापास. १९०७ मध्ये बाहेरून परीक्षा दिली, पुन्हा नापास. पदवी संपली, कॉलेज संपले.

आता एएफएमसीचे नियम पाहू. तिथे नीटचे मार्क तर लागतातच, पण बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांबरोबर इंग्रजीतही किमान ५० टक्के लागतात, तेही पहिल्याच प्रयत्नात. त्यानंतर पुण्याला इंग्रजीची वेगळी चाचणी आणि मुलाखत असते. या नियमात रामानुजन पहिल्या पायरीवरच बाद झाले असते. म्हणून नियम चुकीचा आहे असे माझे मत नाही. ज्याला पचनसंस्थेचा धडा वाचायचा कंटाळा येतो त्याच्याकडे पोटदुखीचे औषध मागायला मी जाणार नाही. पण त्या वेळी मद्रास इलाख्यात गणितावाचून ज्याला दुसरे काही सुचत नाही अशा मुलासाठी एकही दरवाजा नव्हता, ही चूक मात्र होतीच.

१९०९ मध्ये त्यांचे जानकी यांच्याशी लग्न झाले. १९१० च्या सुरुवातीला त्यांच्यावर एक शस्त्रक्रिया करावी लागली. घरात पैसे नव्हते. शेवटी एका डॉक्टरांनी ती फुकट केली. त्यांच्या एका मित्राने आठवण सांगितली आहे, की क्लोरोफॉर्म दिल्यावर आपली पंचेंद्रिये कोणत्या क्रमाने बंद होत गेली याची नोंद रामानुजन यांनी मनात ठेवली होती. शरीरशास्त्रात नापास झालेल्या माणसाचे हे निरीक्षण आहे. आमच्या बायोलॉजीच्या सरांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसले.

बरे वाटल्यावर वह्या काखोटीला मारून ते कामाच्या शोधात निघाले. तिरुक्कोयिलूरला डेप्युटी कलेक्टर रामस्वामी अय्यर यांना भेटले. हे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक. त्यांनी वह्या पाहिल्या आणि शिफारसपत्रे दिली. पुढे नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव महिन्याला २५ रुपये देऊ लागले. काम न करता पैसे घेणे रामानुजन यांना आवडेना, म्हणून १९१२ मध्ये त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनीसाठी अर्ज केला. त्या अर्जात त्यांनी आपण मॅट्रिक पास आहोत, एफ.ए.पर्यंत शिकलो पण काही अडचणींमुळे पुढचे शिक्षण थांबले, आणि तेव्हापासून गणितावर काम करत आहोत असे साधेपणाने लिहिले. कोणाला दोष दिला नाही. १ मार्च १९१२ पासून त्यांना महिना ३० रुपयांवर नोकरी मिळाली.

जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी हार्डी यांना पत्र लिहिले. त्याच्याआधी केंब्रिजच्या दोन नामांकित गणितज्ञांना लिहून उपयोग झाला नव्हता. या पत्राला कोणतेही प्रमाणपत्र जोडलेले नव्हते, फक्त सुमारे १२० सूत्रे होती. माझ्या दृष्टीने प्रवेशासाठी केलेला हा सर्वांत धाडसी अर्ज आहे. हार्डी आणि लिटलवुड यांनी ती सूत्रे तपासली आणि उत्तर आले. मद्रास विद्यापीठाची संशोधन शिष्यवृत्ती एम.ए. झालेल्यांसाठी होती. विद्यापीठाने नियमाला अपवाद करून एफ.ए. नापास माणसाला महिना ७५ रुपये मंजूर केले. मार्च १९१४ मध्ये ते बोटीने इंग्लंडला गेले. १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना संशोधनावर बी.ए. दिली आणि १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. एफ.ए. मात्र त्यांच्या नावावर कधीच लागली नाही.

१९१७ पासून ते आजारी होते. पहिले महायुद्ध चालू होते, शाकाहारी जेवण मिळणे कठीण होते आणि थंडी सोसत नव्हती. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी आधी पोटातला व्रण, मग कर्करोग, मग क्षय अशी वेगवेगळी निदाने केली. १९१९ मध्ये ते मायदेशी परतले. मद्रास मेडिकल कॉलेजचे क्षयाचे तज्ज्ञ डॉक्टर त्यांच्यावर उपचार करत होते. जानकी त्यांना गरम पाण्याने शेक देत. ते झोपून पाटी मागत आणि गणित करत. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी ते वारले.

१९९४ मध्ये डॉ. यंग यांनी जुनी कागदपत्रे तपासून वेगळे निदान मांडले. त्यांच्या मते हा क्षय नव्हताच, तर आमांशाच्या जंतूंमुळे यकृताला झालेला आजार होता. १९०६ मध्ये परीक्षेच्या वर्षी झालेला आमांश वरवर बरा झाला, पण जंतू शरीरात राहिले आणि पुढे यकृतात गेले. या आजारावर एमेटिनची इंजेक्शने चालतात हे १९१२ मध्येच कलकत्त्याला लिओनार्ड रॉजर्स यांनी दाखवून दिले होते. रॉजर्स हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे, म्हणजे लष्करी डॉक्टर होते. औषध भारतात होते आणि रुग्णही शेवटचे वर्ष भारतातच होता. पण कोणी त्या दिशेने पाहिले नाही.

जानकी अम्माळ पुढे मद्रासला ट्रिप्लिकेनमध्ये शिवणकाम करून राहिल्या. डॉ. यंग यांचा लेख प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, एप्रिल १९९४ मध्ये, त्यांचे निधन झाले.