आचार्य कावसजी नेगमवाला

आपल्या सुरतेच्या पश्चिमेस, खंबायतच्या आखातापलीकडे, भावनगर वसले आहे. तेथील एका महाराजांच्या औदार्यातून पुण्यास एक मोठी दुर्बीण उभी राहिली आणि तिच्या सेवेत एका पारशी अध्यापकाने आपली उमेदीची वर्षे वेचली. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नेगमवाला.

त्यांचा जन्म १८५७ सालचा. पदार्थविज्ञान व रसायन या विषयांत सुवर्णपदकासह एम.ए. होऊन ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापक झाले. १८८२ मध्ये महाराज तख्तसिंहजी या महाविद्यालयात आले असता त्यांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपये दिले. मुंबई सरकारने तितकीच भर घातली. उपकरणे पाहण्यास नेगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तेथील ज्योतिर्विदांच्या सल्ल्याने प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारावी असे ठरले. त्या कामी मुंबईपेक्षा पुणे बरे, म्हणून त्यांची बदली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात झाली. १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सिद्ध झाली. तिची २० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण पुढे अनेक वर्षे भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियम धातूमुळे उमटते, असे लॉकियर या ख्यातनाम इंग्रज शास्त्रज्ञांचे मत होते. ते खरे असते, तर रेषेची एक कड पुसट दिसावयास हवी होती. नेगमवालांना ती सदैव रेखीव दिसली आणि १८९१ मध्ये त्यांनी तसे निर्भीडपणे प्रसिद्ध केले. ती रेषा मॅग्नेशियमची नसून प्राणवायूची आहे, हे १९२७ मध्ये सिद्ध झाले.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याचे वेध घेण्यास नेगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तेथेच उतरली होती. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात त्यांनी सूर्यकिरीटाच्या वर्णपटाचे वेध घेतले.

परंतु ही वेधशाळा मुख्यत्वे एकाच माणसाच्या परिश्रमांवर उभी होती. १९१२ मध्ये नेगमवाला सेवानिवृत्त झाले आणि त्यांच्यामागे तिचे दार बंद झाले. दुर्बीण व इतर उपकरणे दक्षिणेत कोडाईकनालला गेली. १९३८ मध्ये नेगमवाला निवर्तले.

बालमित्रांनो, दुर्बीण धनाने येते. ती चालती राहते मात्र माणसांच्या परंपरेने. १८८८ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच पुण्यात आयुका ही संस्था स्थापन झाली. देशातील विद्यापीठांच्या संशोधकांना ग्रंथ, संगणक, मार्गदर्शन आणि दुर्बिणीची सोय मिळावी, हे तिचे कार्य. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आहेत. त्यांवर काम करू इच्छिणारा संशोधक आपली योजना लिहून पाठवितो. ती पारखून त्यास वेळ दिला जातो, आणि यंत्रे सांभाळणारे तज्ज्ञ त्याच्या साह्यास असतात. जे साह्य नेगमवालांना लाभले नाही, ते आज सुरतेच्या एखाद्या विद्यार्थ्यालाही उद्या मिळू शकेल. त्या दिवशी त्याने पुण्याच्या या एकाकी ज्योतिर्विदाचे स्मरण अवश्य करावे.