विश्लेषण : टी-शर्टवरच्या त्या पांढऱ्या रेषांमागे कोण होता?

काळ्या टी-शर्टवर डोंगररांगांसारख्या पांढऱ्या रेषा तुम्ही पाहिल्या असतील. ‘जॉय डिव्हिजन’ या ब्रिटिश बँडच्या ‘अननोन प्लेजर्स’ (१९७९) या अल्बमचे ते मुखपृष्ठ. या बँडचा गायक होता इयन कर्टिस.

कोण होता इयन?

१९५६ मध्ये जन्मलेला इयन इंग्लंडमधील मॅक्लेसफील्डमध्ये वाढला. दिवसा तो सरकारी रोजगार केंद्रात अपंगांना काम मिळवून देई, रात्री मँचेस्टरच्या क्लबांत गाई. अपस्मार असलेली एक तरुणी नोकरीसाठी त्याच्याकडे येत असे. पुढे तिच्या मृत्यूची बातमी आली. त्यातून ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे गाणे आले. डिसेंबर १९७८ मध्ये लंडनचा कार्यक्रम आटोपून परतताना खुद्द इयनलाच झटका आला. निदान झाले, अपस्मार.

अल्बम कसा घडला?

एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. बँडला मंचावरचा दणदणाट हवा होता. निर्माता मार्टिन हॅनेटने मात्र वाद्ये सुटी केली, डिजिटल डिले वापरून आवाजांभोवती पोकळी निर्माण केली. काच फुटल्याचा आवाज घेतला, एका गाण्यात इयनचा आवाज टेलिफोनवरून मुद्रित केला. बर्नार्ड समनर आणि पीटर हुक या साथीदारांना हे रुचले नाही. आज मात्र हाच आवाज अल्बमची ओळख आहे.

मुखपृष्ठावर काय आहे?

१९६७ मध्ये सापडलेल्या पहिल्या पल्सर ताऱ्याच्या रेडिओ स्पंदनांचा हा आलेख. खगोलशास्त्राच्या कोशातील हे चित्र पीटर सॅव्हिलने काळ्यावर पांढरे केले. पुढच्या बाजूला बँडचे नावही नव्हते. छोट्या ‘फॅक्टरी रेकॉर्ड्स’ने सुरुवातीला १० हजार प्रती काढल्या.

पुढे काय झाले?

आजार बळावला, तरी रात्री-अपरात्रीचे दौरे थांबले नाहीत. इयन मंचावर हातपाय झटकत नाचे. त्यामुळे खरा झटका आला तरी प्रेक्षकांना तो नाचच वाटे. लग्नही मोडकळीस आले होते. १८ मे १९८० रोजी, अमेरिका दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, २३ व्या वर्षी त्याने आयुष्य संपवले. दुसरा अल्बम ‘क्लोजर’ दोन महिन्यांनी आला. उरलेल्यांनी ‘न्यू ऑर्डर’ हा बँड काढला.

इयन काय लिहितोय, याकडे आपण तेव्हा नीट लक्ष दिले नाही, अशी कबुली साथीदारांनी पुढे दिली. त्याचे दुखणे गाण्यांत उघड होते. ते त्यांना उमगले तेव्हा उशीर झाला होता.