खानदेशातून रिकाम्या हाताने परतलेला यंत्रांचा उस्ताद : मीर फतहुल्लाह शिराजी

चावीच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आत एकमेकांत अडकलेली दातेरी चाकं दिसतात. गुंडाळलेली कमान हळूहळू सुटते, तिची ताकद एका चाकातून दुसऱ्या चाकात जाते आणि शेवटी काटे फिरतात. मिनिटकाटा बारा फेऱ्या मारतो तेव्हा तासकाट्याची एक फेरी पुरी होते. हा हिशेब कुणी रोज करत नाही, तो चाकांच्या दात्यांतच बसवलेला असतो.

घड्याळात तारीख दाखवणारी खिडकी असेल तर हिशेब आणखी अवघड होतो. तारखेच्या साध्या चाकाला 31 दाते असतात. म्हणून 30 दिवसांचा महिना संपला की तारीख हाताने पुढे करावी लागते. फेब्रुवारी धरून वर्षातून पाच वेळा! घड्याळाच्या कारागिरांनी यावर 48 महिन्यांचं खास चाक शोधलं. त्याच्या कमी-जास्त खोलीच्या खाचांत लीप वर्षसुद्धा बसतं. स्वित्झर्लंडच्या पार्मिजियानी कंपनीने हिजरी कॅलेंडर चालवणारं चावीचं मनगटी घड्याळ बनवलं. 30 हिजरी वर्षांत 11 वर्षं 355 दिवसांची, बाकीची 354 दिवसांची, हे चक्र त्याच्या चाकांत बसवलं आहे. 2020 मध्ये जिनिव्हात त्याला नवकल्पनेचं पारितोषिक मिळालं.

एका चाकाची गती दुसऱ्या कामाला कशी लावायची, आणि चंद्र-सूर्याचा हिशेब माणसाच्या व्यवहारात कसा बसवायचा, हे दोन प्रश्न चारशे वर्षांपूर्वी एकाच माणसाने हाताळले होते. ते घड्याळजी नव्हते, पण आपल्या काळातले सर्वांत मोठे यंत्रतज्ज्ञ होते. त्यांच्या आयुष्यातला एक कडू प्रसंग आपल्या खानदेशात घडला. त्यांचं नाव मीर फतहुल्लाह शिराजी. जळगाव-धुळ्यातल्या आमच्या मुलांना हे नाव माहीत नसतं, म्हणून हा लेख.

शिराजहून विजापूरला

फतहुल्लाह इराणातल्या शिराजचे. तिथले नामांकित विद्वान मीर गियासुद्दीन मन्सूर हे त्यांच्या उस्तादांपैकी एक. गणित, खगोल, वैद्यक, तर्कशास्त्र आणि यंत्रविद्या असं सगळंच त्यांनी शिकून घेतलं. त्या काळी दख्खनच्या सुलतानांना इराणी विद्वानांची मोठी ओढ होती. विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाने त्यांना आपल्याकडे बोलावून घेतलं आणि फतहुल्लाह दख्खनमध्ये स्थिरावले.

1580 मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. गादीवर लहान मूल आलं आणि दरबारात गटबाजी माजली. तोवर फतहुल्लाहंची कीर्ती उत्तरेत पोहोचली होती. अकबर बादशहाने निमंत्रण पाठवलं आणि 1583 मध्ये ते फतेहपूर सिक्रीला दाखल झाले.

चाकांची करामत

दरबारात त्यांनी जी यंत्रं दाखवली त्यांची नोंद त्या काळच्या इतिहासकारांनी केली आहे. एक होती चालती चक्की. गाडीवर जातं बसवलेलं, गाडी चालली की पीठ दळलं जाई. प्रवासात फौजेला पीठ लागतंच, मग गाडीची चाकं फिरतातच आहेत तर त्यांच्याकडून दळूनही का घेऊ नये? घड्याळात कमानीची ताकद काट्यांपर्यंत नेतात, इथे गाडीच्या चाकाची ताकद जात्यापर्यंत नेली होती.

दुसरं यंत्र बंदुकांच्या नळ्या साफ करणारं. बैल चाक फिरवी आणि एकाच वेळी 16 नळ्या आतून घासल्या जात. तिसऱ्यात 17 बंदुका अशा जोडल्या होत्या की एकाच बत्तीने सगळ्या उडत. सुटी करून नेता येईल आणि मुक्कामावर पुन्हा जोडता येईल अशा तोफेचंही वर्णन मिळतं. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत ही यंत्रं बादशहाच्या नावावर मांडली आहेत. मात्र निजामुद्दीन अहमदसारख्या समकालीनाने चक्की आणि नळ्या साफ करण्याचं चाक फतहुल्लाहंच्याच नावे नोंदवलं आहे आणि आजचे अभ्यासकही श्रेय त्यांनाच देतात.

शेतकऱ्याचं वर्ष

त्यांचं सर्वांत टिकलेलं काम मात्र लाकूड-लोखंडाचं नव्हतं. हिजरी वर्ष चंद्राचं, सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान. इबादतीसाठी तेच बरोबर. रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो तो त्यामुळेच. पण सारा गोळा करायचा तर पीक हातात यावं लागतं, आणि पीक सूर्याच्या हिशेबाने येतं. सूर्याची 32 वर्षं होतात तेव्हा चंद्राची जवळपास 33 भरतात. म्हणजे चंद्राच्या हिशेबाने वसुली केली तर शेतकऱ्याच्या डोक्यावर एका वर्षाचा सारा जास्तीचा पडणार.

फतहुल्लाहंनी समरकंदच्या उलुग बेगच्या खगोलसारणीचा आधार घेऊन सौर पंचांग तयार केलं. तेच इलाही सन. 1584 मध्ये ते जाहीर झालं आणि त्याची मोजणी 1556 च्या नवरोजपासून धरली गेली. त्यातले महिने 29 पासून 32 दिवसांपर्यंतचे होते. त्याच उलुग बेगच्या सारणीच्या काही भागाचं भाषांतर फतहुल्लाहंच्या देखरेखीखाली झालं. त्या कामात किशन जोशी, गंगाधर, महेश, महानंद अशी पंडितांची नावं आईनमध्ये आहेत. मौलवी आणि जोशी एकाच सतरंजीवर बसून आकडे जुळवत होते.

1585 मध्ये त्यांना राजा तोडरमलबरोबर महसुलाचं काम मिळालं. जुन्या थकबाकीचा गुंता सोडवण्यासाठी आणि हिशेबतपासणीत होणारा छळ कमी करण्यासाठी त्यांनी सूचना मांडल्या, त्या बादशहाने मान्य केल्या.

खानदेशातला अपमान

याच सुमारास अकबराची नजर दख्खनकडे वळली. दख्खनचं दार म्हणजे खानदेश. आजचे जळगाव आणि धुळे हे जिल्हे तेव्हा फारुकी सुलतानांच्या राज्यात होते. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं थाळनेर ही त्यांची जुनी राजधानी, त्यांच्या कबरी आजही तिथे आहेत. त्या वेळी गादी बुऱ्हाणपूरला होती आणि सुलतान होता राजा अली खान. नावाप्रमाणेच राजकारणात मुरलेला. उत्तरेत मोगल, दक्षिणेत अहमदनगर, दोघांनाही सांभाळून तो मधोमध टिकून होता.

दख्खनची माहिती असलेला माणूस म्हणून फतहुल्लाहंना या मोहिमेवर धाडलं. सेनापती होता मिर्झा अजीज कोका, बादशहाचा दूधभाऊ. छावणीत सरदारांचंच आपसात वैर. अजीज कोका आणि शिहाबुद्दीन अहमद खान यांच्यात फतहुल्लाहंनी समेट घडवायचा प्रयत्न केला, तर अजीज कोकाने त्यांचाच अपमान केला. मग ते राजा अली खानाला मोगलांच्या बाजूला वळवायला गेले. पण ज्या फौजेत एकोपा नाही तिच्या भरवशावर सुलतान कशाला राज्य पणाला लावेल? त्याने उलट आपलं सैन्य जमवलं. 1586 मध्ये अजीज कोकाने वऱ्हाडात शिरून एलिचपूर लुटलं खरं, पण पाठलाग सुरू झाल्यावर त्याला नंदुरबारच्या दिशेने हटावं लागलं. फतहुल्लाह गुजरातेत अब्दुल रहीम खानखानान यांच्याकडे निघून गेले.

चाकांची जुळणी ज्यांना लहान मुलाच्या खेळासारखी सोपी होती, त्यांना माणसांची जुळणी मात्र करता आली नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. जानेवारी 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि त्या विजयाची सोन्याची मोहोर पाडली गेली. तिच्यावर ससाण्याचं चित्र आहे आणि साल आहे इलाही 45. खानदेशातून हात हलवत परतलेल्या माणसाचं पंचांग पंधरा वर्षांनी सोन्यावर उमटून खानदेशात आलं. ते बघायला ते स्वतः हयात नव्हते.

मुलांचा उस्ताद

आम्ही शिक्षक, त्यामुळे फतहुल्लाहंच्या चरित्रातला आमचा जिव्हाळ्याचा भाग वेगळाच आहे. एवढ्या हुद्द्याचा माणूस उमरावांच्या घरी जाऊन सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवायचा, अगदी अलिफ-बे पासून! इतिहासकार बदायुनीला हे मुळीच आवडत नसे. खांद्यावर बंदूक, कमरेला दारूची पिशवी बांधून फतहुल्लाह शिकारीला बादशहाच्या घोड्याबरोबर धावतात, यावरही त्याने नाक मुरडलं आहे. मात्र दरबारात कुणाची हिंमत होत नसताना ते आपल्या पद्धतीने नमाज उघडपणे अदा करत, याची नोंदही त्यानेच केली आहे.

बदायुनीने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. एरवी मृदू आणि अदबशीर असलेले फतहुल्लाह शिकवायला बसले की जीभ सोडत. शिष्यांना टोमणे आणि शिव्या मिळत, म्हणून त्यांच्याकडे फारसं कुणी टिकत नसे. त्यांच्या तालमीत लायक शिष्य तयारच झाला नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे.

निष्कर्ष पूर्ण खरा नाही. लाहोरचे मुल्ला अब्दुस्सलाम त्यांच्याकडे टिकले. त्यांच्यापासून शिष्यांची साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालत लखनौच्या फिरंगी महलपर्यंत गेली. तिथे अठराव्या शतकात मुल्ला निजामुद्दीन यांनी जो अभ्यासक्रम बसवला तोच दर्स-ए-निजामी. मदरशांत तर्क, गणित आणि हिकमत यांना जी जागा मिळाली तिच्यामागे फतहुल्लाहंनी इराणहून आणलेली पुस्तकं आणि त्यांचा आग्रह आहे.

1589 मध्ये बादशहाबरोबर काश्मीरला गेले असताना त्यांना ताप आला. हकीम अलीने मनाई केली तरी त्यांनी हरीसा खाऊन आपला इलाज आपणच केला. त्यातच त्यांचा इंतकाल झाला. श्रीनगरला तख्त-ए-सुलेमान टेकडीवर त्यांना दफन केलं. अकबराला एवढं दुःख झालं की फतहुल्लाह फिरंग्यांच्या कैदेत असते आणि त्यांनी सगळा खजिना मागितला असता तरी हा सौदा स्वस्तच पडला असता, असं तो बोलून गेला.

त्यांची चालती चक्की, सोळा नळ्यांचं चाक, काहीच आज शिल्लक नाही. ती यंत्रं दरबाराची शान होती, ती पुढे चालवणारे हात तयार झाले नाहीत. पंचांग लिहिलेलं होतं, ते शहाजहानच्या काळातल्या नाण्यांवरही दिसतं. धडा एका शागिर्दाने पेलला, तो तीनशे-चारशे वर्षं मदरशांत चालला.

आपल्या मोहल्ल्यांत आज गॅरेजमध्ये, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, वायरिंगच्या कामावर किती हुशार पोरं आहेत! त्यांच्या हातात फन आहे, पण पुस्तक सुटलेलं आहे. आणि वर्गातल्या मुलांच्या हातात पुस्तक आहे, पण त्यांनी पेचकस धरलेला नाही. दोन्ही एकत्र आणायचं काम आम्हा शिक्षकांचं आणि तुम्हा पालकांचं. आणि ते करताना जीभ गोड ठेवायची. उस्ताद कितीही मोठा असो, मूल उठून गेलं तर इल्म तिथेच थांबतं.