डेम्लो संख्यांचे जनक

नऊ वेळा एक लिहून तयार होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा आकडी संख्या हाती येते. डावीकडून वाचली काय अन् उजवीकडून वाचली काय, ती तशीच राहते. तिच्या अंकांची बेरीज ८१ आणि त्या ८१ ने तिला निःशेष भागही जातो. अशा संख्यांच्या कुळाला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी 'डेम्लो' हे नाव दिले. आजच्या डोंबिवली स्थानकाचे ते जुने नाव. १९२३ साली ही कल्पना त्यांना तेथे सुचली. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' म्हटले.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. ठाण्यात शालेय शिक्षण झाले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यापुढची पदवी मात्र त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळाशिक्षक होते.

पदव्यांची ही उणीव त्यांना भोवली. संख्यांचे हे सारे खेळ पोरकट आहेत, असे मानून अनेक गणितज्ञांनी त्यांची थट्टा केली. नामांकित नियतकालिकांत सहजासहजी जागा मिळेना, तेव्हा त्यांनी देवळालीहून स्वतःच पुस्तिका प्रसिद्ध केल्या.

१९४९ साली जाहीर झालेला ६१७४ हा त्यांचा स्थिरांक कोणालाही पडताळता येतो. बुलढाणा जिल्ह्यातील 'एमएच २८' पासिंगच्या एखाद्या वाहनाचा क्रमांक २८४९ आहे असे समजा. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी : ९८४२ उणे २४८९ म्हणजे ७३५३. पुन्हा तीच कृती केली, की ४१७६ आणि तिसऱ्या खेपेस ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथेच येऊन थांबते. कापरेकर संख्या हा त्यांचा आणखी एक शोध. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून बेरीज केली, तर मूळ १४२८५७ परत मिळते!

शाळा-महाविद्यालयांतून त्यांना व्याख्यानांची निमंत्रणे येत, 'गणितानंद' म्हणून ते ओळखले जात. पण आनंदाने घर चालत नाही. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. राहणी अत्यंत साधी असूनही निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून गणित व विज्ञानाच्या शिकवण्या धराव्या लागल्या. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरातून त्यांचे कार्य जगापुढे मांडले. त्या वेळी कापरेकर सत्तरीत होते. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले.