पाखरांमागे चाललेला माणूस

पावसाळा सुरू झाला की विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकू लागतात. जालन्याच्या शिवारात वाढलेल्या माणसाला ते नवे नाहीत. आपण कौतुक सुगरणीचे करतो, पण खोपा विणतो तो नर. अर्धा खोपा विणून झाला की तो मादीला बोलावतो. ती आत-बाहेर करून पाहते, पसंत पडला तरच राहते, आणि मग नर उरलेले काम पूर्ण करतो. एवढ्यावर तो थांबत नाही, लगेच दुसऱ्या खोप्याला लागतो. अलिबागजवळच्या किहीम गावी तासन्‌तास झाडाखाली बसून हा सारा संसार ज्याने नोंदवला, तो माणूस तेव्हा बेकार होता. त्याचे नाव सालिम अली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. मूल एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. पोरक्या भावंडांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी वाढवले. मामांना शिकारीचा नाद होता. त्यांनीच भाच्याला छऱ्याची बंदूक दिली. दहा-बारा वर्षांच्या सालिमने तिने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कसली चिमणी, हे मामांनाही सांगता येईना, म्हणून त्यांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून सांगितला, कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. बापाविना वाढणाऱ्या पोराला घरात मामा भेटले होते, घराबाहेर मिलार्ड भेटले. दोघांनीही त्याच्या प्रश्नाला वेळ दिला.

शाळेत मात्र त्याचे बरे चालले नव्हते. डोके सारखे दुखायचे, वर्ग बुडायचे. कोरडी हवा मानवेल म्हणून त्याला काही काळ सिंधमध्ये नातेवाइकांकडे ठेवले गेले. १९१३ मध्ये तो कसाबसा मॅट्रिक झाला. पुढे ब्रह्मदेशात तावॉय इथे घरच्या खाणीच्या धंद्यात गेला, तर तिथेही लक्ष जंगलात. परत आल्यावर व्यापाराचे शिक्षण घेत असतानाच सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्र शिकला. पदवी अशी हाती आलीच नाही. डोकेदुखीने शाळा बुडवणारा मुलगा पुढे सत्तर वर्षे ऊन, डास आणि तंबूतले जेवण सोसत भारतभर हिंडला. इतक्या वर्षांनी त्या दुखण्याचे निदान करण्याचा मोह डॉक्टरने टाळलेला बरा. पण डोके दुखते म्हणणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्याआधी त्याचे मन कशात रमते, हे विचारायला काय हरकत आहे?

डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झाले. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. पक्षीशास्त्र नीट शिकावे म्हणून ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे गेले, आणि १९३० मध्ये परतले तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. मुंबईतला खर्च परवडेना, म्हणून नवरा-बायको किहीमच्या घरी जाऊन राहिले. सुगरणीचा अभ्यास तिथलाच. नोकरी गेल्यावर माणूस खचतो हे आम्ही रोज पाहतो. अलींनी त्या रिकाम्या महिन्यांत जे केले, त्यामुळे त्यांचे नाव पक्षीशास्त्रात झाले.

मग त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला: खर्च तुम्ही द्या, पगार नको, मी तुमच्या मुलखातले पक्षी मोजून देतो. हैदराबाद संस्थान तयार झाले आणि १९३१-३२ मध्ये तिथले पक्षी-सर्वेक्षण झाले. जालन्यासह सारा मराठवाडा तेव्हा निजामाच्या याच संस्थानात होता. पुढे त्रावणकोर-कोचीन आणि इतर संस्थाने झाली. या भटकंतीत तेहमिना बरोबर असत. आरामात वाढलेल्या या बाईंनी तंबूतला संसार आनंदाने सांभाळला. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर रक्तात जंतुसंसर्ग होऊन त्या गेल्या. पेनिसिलिन तेव्हा दवाखान्यांपर्यंत पोहोचले नव्हते. आज तालुक्याच्या रुग्णालयातही ज्या संसर्गावर उपचार सुरू होतो, त्याने तेव्हा चांगली धडधाकट माणसे जात. अलींना मूलबाळ नव्हते आणि त्यांनी पुन्हा लग्नही केले नाही. बहीण कामू आणि मेहुण्यांच्या घरी ते राहिले आणि कामात बुडाले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक आले. पुढे डिलन रिप्ली या अमेरिकी मित्राबरोबर त्यांनी भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ पूर्ण केला.

ते मऊ बोलणारे गृहस्थ होते असे नाही. उशीर, गोंगाट आणि अर्धवट नोंदी त्यांना खपत नसत. पण आपल्याला मिलार्डनी जे दिले, ते त्यांनी पुढच्या पोरांना दिले. दोन पिढ्यांचे पक्षी-अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९७६ मध्ये वन्यजीव रक्षणाचा पन्नास हजार डॉलरचा गेटी पुरस्कार मिळाला, तो त्यांनी निसर्ग-संवर्धनाच्या निधीला दिला. भरतपूरची पाणथळ जागा आणि केरळातले सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचवण्यात त्यांचा शब्द कामी आला. १९८५ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, ते राज्यसभेवर गेले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावात ती लहानपणी पाडलेली चिमणी आहे.

२० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ९०. प्रोस्टेटच्या कर्करोगाशी बराच काळ झुंज चालली होती.

इतका चालणारा, मोकळ्या हवेतला माणूस, त्याला कर्करोग कसा झाला? हा प्रश्न आमच्या ओपीडीतही रोज येतो. शेतात राबलेला, निर्व्यसनी बाप आजारी पडला की घरचे विचारतात, यांनी काय पाप केले? पाप कोणी केलेले नसते. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण वय हेच आहे. वडील किंवा भावाला तो झाला असेल तर धोका वाढतो. चालणे, साधे जेवण, तंबाखूपासून दूर राहणे याने हृदय, फुप्फुसे आणि हाडे नक्की सुधारतात. अली नव्वदीपर्यंत कामात राहिले, त्यात या सवयीचा वाटा असणारच. पण कोणत्याही आजारापासून कायमची सुटका त्यातून मिळत नाही.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्यामधून जाते. पन्नाशीनंतर ती बहुतेकांची वाढते. धार बारीक होते, रात्री चार-चार वेळा उठावे लागते. ही वाढ बहुधा साधी असते, कर्करोग नसतो. कर्करोग सहसा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, म्हणून सुरुवातीला काहीच त्रास जाणवत नाही. आमच्या भागात रुग्ण येतो तो पुष्कळदा कंबर आणि मांडीचे हाड दुखते म्हणून. वर्षभर तेल चोळलेले असते, वाताची औषधे घेतलेली असतात. तोवर रोग हाडात उतरलेला असतो. लघवीची गोष्ट सुनेसमोर, मुलासमोर काढायची लाज वाटते, म्हणून म्हातारा गप्प राहतो.

तपासणी अवघड नाही. डॉक्टर बोटाने ग्रंथी तपासतात आणि रक्तातील पीएसए पाहतात. अलींच्या शेवटच्या वर्षांत ही रक्तचाचणी नुकतीच वापरात येत होती. पीएसए साध्या वाढीने किंवा लघवीच्या संसर्गानेही वाढतो, म्हणून आकडा पाहून घाबरू नये. कर्करोग आहे की नाही, हे तुकडा काढून तपासल्यावरच ठरते. तक्रार नसलेल्या प्रत्येकाने ही चाचणी करावी असेही नाही. पंचावन्न ते सत्तर या वयात डॉक्टरांशी बोलून ठरवावे. घरात हा आजार असेल तर आधी बोलावे.

हा रोग अनेकांत फार सावकाश वाढतो. काही वृद्धांना लगेच उपचाराची गरजही नसते, नियमित लक्ष ठेवले तरी पुरते. काहींना शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागतात. पुरुषी हार्मोन कमी केले की हा रोग आवरतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. हाडात पोहोचलेल्या रोगातही या उपचाराने कित्येक जण पुन्हा काठी टेकत शेतात जातात. कर्करोगाचे अनेक उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतात आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. लघवीत रक्त दिसले, लघवी अचानक अडली, किंवा कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

संभाजीनगरच्या दिल्ली दरवाजाजवळचे तळे आज सालिम अली सरोवर म्हणून ओळखले जाते. जालनेकरांना तर तिथवर जाण्याचीही गरज नाही, घाणेवाडीचा तलाव जवळ आहे. या हिवाळ्यात एखाद्या सकाळी वडिलांना घेऊन तिथे जा. पाणपक्षी दाखवा, त्यांच्या लहानपणी कोणते पक्षी शेतात दिसायचे ते विचारा. माणूस चालता-चालता मोकळा होतो. रात्री किती वेळा उठावे लागते, कंबर कधीपासून दुखते, हेही तेव्हाच विचारून घ्या.