विल्यम कॅरींचा नेम

इंग्लंडातील विल्यम कॅरी (१७६१–१८३४) तरुणपणी जोडे शिवीत. शेजारी पुस्तक उघडे असे. पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक होऊन ते १७९३ मध्ये बंगालात आले व काही वर्षांनी तेथील श्रीरामपुरास राहिले. सकाळी पावणेसहाला उठावे, हिब्रू बायबलचा एक अध्याय वाचावा, प्रार्थना करावी आणि मग कामास लागावे, असा त्यांचा नेम. नेम अगदी साधा. पण तो वर्षानुवर्षे पाळणे सोपे नव्हे! त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले.

मार्च १८१२ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. अनेक वर्षे खपून लिहिलेले कागद एका रात्रीत भस्म झाले.  ती हानी पाहून कॅरींचे डोळे भरून आले. तरीही नेमाप्रमाणे ते पुन्हा लिहावयास बसले. कानडी व्याकरण १८१७ मध्ये छापून झाले.